संपाच्या आठवड्यात युनियन बर्लिनच्या मागे

मंगळवार, २३ जानेवारी २०२४

म्युनिकची गाडी बर्लिनच्या झ्यूडक्रॉइत्स स्टेशनातून सुटली आणि थोड्याच वेळात तिकडे कतारमध्ये भारत-सीरिया मॅच सुरू झाली. आशियाई चषकातली आपली शेवटची साखळी लढत. ऑस्ट्रेलियाकडून २-० आणि उझबेकिस्तानकडून ३-० असा मार खाऊन झालेला, पण सीरियाला हरवलं तर थोडी धुगधुगी होती. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मी बघत बसले. समोरच्या बाईंनी कोण खेळतंय म्हणून विचारलं. सांगितलं, तर भुवया वर करून म्हणाल्या, "इंडिया? फुटबॉल?"

मग मी त्यांना कोल्हापूर सांगितलं. जर्मनीत आल्यापासून हे व्याख्यान माझं पाठ झालंय. शाहू महाराजांच्या नावाचं स्टेडियम, पेठापेठांतल्या तालमींचे संघ, पाटाकडील-दिलबहार असली की दुपारनंतर अर्ध्या गावाचं कामात लक्ष नसतं, तालीम मुळात कुस्तीची पण तिच्याच नावानं पोरं फुटबॉल खेळतात, वगैरे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच मातीतला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या पुन्हा विणकामाकडे वळल्या.

एरफुर्ट सोडलं की ही गाडी थुरिंगियाच्या डोंगरात शिरते आणि बोगद्यामागून बोगदे लागतात. बर्लिन-म्युनिक चार तासांवर आलं ते डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या या मार्गामुळे. एका बोगद्यात शिरताना ०-० होतं. बाहेर पडून चित्र परत सुरू झालं तेव्हा सीरियाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले. ७६वं मिनिट, ओमर ख्रिबिन. तीन सामने, एक गोल नाही, घरी परत. ३९ वर्षांचा कप्तान सुनील छेत्री अजून पुढे उभा आहे आणि त्याच्यामागे रांगेत कुणी नाही, हे काही कतारमध्ये ठरलेलं नाही. आपल्या लीगमध्ये नऊ नंबरच्या, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीवीराच्या जागी वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू उभे करायचे आणि मग देशाला गोल का होत नाहीत यावर चर्चा झोडायच्या! असो. या विषयावर मी सुरू झाले की म्युनिक येईल.

म्युनिकला निघाले होते ती युनियन बर्लिनच्या, म्हणजे माझ्या फुटबॉल क्लबच्या मॅचसाठी. म्युनिकच्याच बायर्न क्लबविरुद्धची ही मॅच खरं तर २ डिसेंबरला व्हायची. त्याच्या आदल्या रात्रीपासून दक्षिण जर्मनीत असा बर्फ पडला की शनिवारी म्युनिकमध्ये ४४ सेंटीमीटरचा थर साचला होता. नोंदी ठेवायला लागल्यापासून तिथल्या डिसेंबरात एवढा बर्फ झालेला नव्हता. विमानतळ बंद, मुख्य स्टेशन बंद, मॅच रद्द. मी तेव्हा न्यूरेंबर्गपर्यंत पोचले होते आणि तिथूनच परत फिरले. नवी तारीख मिळाली २४ जानेवारी, बुधवार, रात्री साडेआठ. आणि आता गाडीचालकांच्या जीडीएल संघटनेनं जाहीर केलं, की बुधवारी पहाटे दोनपासून प्रवासी गाड्या थांबणार, त्या थेट सोमवारी संध्याकाळपर्यंत. इतका लांब संप जर्मन रेल्वेच्या इतिहासात नाही म्हणतात. बर्फानं घालवलेली मॅच नेमकी संपाच्या पहिल्या रात्री येऊन बसली! म्हणून एक दिवस आधी निघाले. परतीचं परतीच्या वेळी बघू.

संघटनेची मुख्य मागणी पगाराची कमी आणि वेळेची जास्त आहे. पाळीत काम करणाऱ्यांचा आठवडा ३८ तासांवरून ३५ तासांवर आणा, पगार कापू नका. रेल्वे म्हणते, माणसंच मिळत नाहीत, तास कुठून कमी करू? संघटनेचे नेते क्लाउस वेसेल्स्की यांच्यावर इथले पेपर रोज तुटून पडतात. मला स्वतःला चालकांचं म्हणणं पटतं. रात्री-अपरात्री, सणासुदीला गाडी हाकणाऱ्याला स्वतःसाठी आठवड्याचे तीन तास जास्त मिळाले तर कुणाचं काय बिघडतं, असं मी संध्याकाळी म्युनिकला ताईकडे जेवताना म्हटलं आणि फसले.

ताई म्हणजे माझी थोरली मावसबहीण. गीझिंग भागात राहते, भाऊजी हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. "तुला बोलायला काय जातंय," ताई म्हणाली, "उद्यापासून लोकल नाही. ह्यांना पहाटे साडेपाचला वॉर्डात हजर व्हायचं असतं. सायकल काढणार आहेत, आणि रस्त्याकडेला अजून बर्फाचा गाळ आहे." भाऊजी काही बोलले नाहीत, पांढरा रस्सा वाढून घेत राहिले. मग एकदम म्हणाले, "आमच्यासाठी असा संप कुणी केला असता तर बरं झालं असतं."

ताईच्या फ्रिजवर पोराच्या हातचा पुठ्ठ्याचा फलक चिकटवलेला होता. रविवारी २१ तारखेला ती त्याला घेऊन मोर्चाला गेली होती. जानेवारीच्या १० तारखेला करेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या गटानं बातमी दिली, की गेल्या नोव्हेंबरात पोट्सडामजवळच्या एका हॉटेलात उजव्या एएफडी पक्षाची काही माणसं आणि कडवे उजवे बसले होते आणि परकीय मुळाच्या लोकांना देशाबाहेर कसं घालवायचं यावर तिथे बोलणं झालं. घालवायच्या लोकांत जर्मन पासपोर्ट असलेलेही धरले होते. तेव्हापासून गावोगावी लोक रस्त्यावर आहेत. म्युनिकला झीगेस्टोर कमानीपाशी एवढी गर्दी झाली की चेंगराचेंगरी होईल म्हणून आयोजकांना मोर्चा मध्येच थांबवावा लागला. पोलिसांचाच अंदाज एक लाखाचा. "पुढचं काही दिसत नव्हतं, नुसत्या पाठी," ताई म्हणाली, "पण घरी आल्यावर बरं वाटलं."

आणि नेमकं त्याच्या दोन दिवस आधी, १९ तारखेला, इथल्या संसदेनं नागरिकत्वाचा नवा कायदा मंजूर केला. आठऐवजी पाच वर्षांत अर्ज करता येणार, जुना पासपोर्टही सोडावा लागणार नाही. म्हणजे जर्मनीच्या बाजूनं सोडावा लागणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानतच नाही, तेव्हा आमच्यापुढचा पेच आहे तिथेच आहे. भाऊजींचा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये पडलाय. भारताचा पासपोर्ट परत करायचा म्हटलं की त्यांचा हात अडतो. ताईचं उलट: "मत देता येत नाही तोवर मोर्चात चालून काय उपयोग?" दोघांचं हे भांडण मी आल्यापासून गेल्यापर्यंत सुरू होतं.

बुधवार, २४ जानेवारी

सकाळी शहरात एक चक्कर मारली. मारीएनप्लात्सला खाली उतरलं तर लोकलचे फलाट ओस, आणि मेट्रोत मुंबईची आठवण यावी अशी गर्दी. मेट्रो महापालिकेची, तिचा या संपाशी संबंध नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या पाचात एक धावत होत्या. त्या चालवत होते ते दुसऱ्या संघटनेचे लोक आणि जुने सरकारी नोकर. इथे पक्क्या सरकारी नोकराला संपाचा हक्कच नाही.

पाच वाजताच सहा नंबरच्या मेट्रोनं फ्र्योटमानिंगला पोचले. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर मोकळ्या माळावर अलियान्झ अरेना फुगलेली दिसते आणि पायी बरंच अंतर जावं लागतं. वारा असा की झेंडे धरता येत नव्हते. या मैदानाबद्दल माझं मत चांगलं नाही. ७५ हजार लोक मावतात, प्रत्येक जागेवरून खेळ स्पष्ट दिसतो, तरीही विमानतळावर आल्यासारखं वाटतं. पण अरेनाजवळच्या एका रस्त्याची पाटी मी दर वेळी थांबून बघते: कुर्ट लांडाउअर.

लांडाउअर हे बायर्नचे ज्यू अध्यक्ष. क्लबनं जर्मनीचं पहिलं विजेतेपद १९३२मध्ये मिळवलं ते त्यांच्या कारकिर्दीत. पुढच्याच वर्षी नाझी आले आणि त्यांना पद सोडावं लागलं. नोव्हेंबर १९३८मधल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांनंतर त्यांना डाखाउच्या छळछावणीत डांबलं, तिथून सुटल्यावर ते स्वित्झर्लंडला गेले. भावंडांतले बहुतेक मारले गेले. तरीही १९४७मध्ये ते म्युनिकला परतले आणि पुन्हा अध्यक्ष झाले. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: नंतर कित्येक वर्षं क्लबला या माणसाचा जवळजवळ विसर पडला होता, आणि त्यांची आठवण जागी केली ती 'शिकेरिया' या बायर्नच्या उभ्याच्या स्टँडमधल्या पोरांनी. ज्यांना पेपरवाले गुंड म्हणतात तीच पोरं. त्या कामासाठी २०१४मध्ये जर्मन फुटबॉल महासंघानं त्यांना पुरस्कार दिला. बायर्नशी माझं वैर आहे, पण हा हिशेब वेगळा.

पाच दिवसांपूर्वी याच मैदानावर फ्रान्झ बेकेनबाउअर यांची शोकसभा झाली होती. ७ जानेवारीला ते गेले, ७८ वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्षांपासून चॅन्सलरपर्यंत सगळे आले होते. ७४ला कप्तान म्हणून विश्वचषक जिंकला, ९०ला प्रशिक्षक म्हणून. ९०चा तो अंतिम सामना आमच्या गल्लीत दूरदर्शनवर एका घरात तीस-चाळीस माणसं कोंबून बघितला गेला, आणि बाबा मॅराडोनाच्या बाजूचे असल्यामुळे दुसऱ्या दिवशी घरात कुणी जर्मनीचं नाव काढायचं नाही असा हुकूम होता. ज्या देशाचं नाव काढायचं नव्हतं तिथेच लेक येऊन राहिली!

पाहुण्या समर्थकांची जागा पार वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. तिथे आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे आजोबा भेटले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात युनियनचा झिरझिरीत झालेला मफलर. आयुष्यभर रेल्वेत इंजिन चालवलं, आधी पूर्व जर्मनीच्या आणि मग एकत्र झालेल्या. बसनं आले होते, सकाळी निघून, मध्ये वाहतुकीत अडकून. मी म्हटलं, "आजोबा, एखादी गाडी धावत होती की!" तर म्हणाले, "संप असताना धावणाऱ्या गाडीत मी बसत नाही. वेसेल्स्की मला आवडत नाही, ते वेगळं."

मॅचबद्दल काय सांगू? बायर्न रविवारी घरच्या मैदानावर ब्रेमेनकडून १-० हरलं होतं, गुणतक्त्यात लेवरकुसेन वर निसटत होतं, त्यामुळे चिडून खेळत होते. आमचा गोलरक्षक ऱ्योनोव गोलात उभा राहिला म्हणून पहिला अर्धा वेळ ०-० गेला. मध्यंतरानंतर लोक जागेवर येतायत तोच राफाएल गेरेरोनं गोल केला आणि तेवढ्यावर निकाल लागला. युनियनकडे धावण्याशिवाय फारसं काही नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी हाच संघ युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदशी भिडायची स्वप्नं बघत होता. भिडलाही, त्यांच्या बर्नाबेऊ मैदानात शेवटच्या क्षणी बेलिंगहॅमच्या गोलनं हरला. पण गटात एक मॅच जिंकता आली नाही, लीगमध्ये पराभवांची माळ लागली आणि नोव्हेंबरात पाच वर्षांहून जास्त काळचे प्रशिक्षक उर्स फिशर गेले. त्यांच्या जागी आलेले नेनाद ब्येलित्सा यांनी आज स्वतःच तमाशा करून घेतला. चेंडू बाहेर गेला, तो त्यांच्या हातात, बायर्नचा लेरॉय साने (नाव ऐकून कुणीही सदाशिव पेठेतला म्हणेल) तो मागायला आला, तर यांनी त्याच्या तोंडावर हात मारला. एकदा नाही, दोनदा. लाल कार्ड. आमच्या कोपऱ्यात दोन तट पडले. काही जण सानेला शिव्या घालत होते. आजोबांनी मफलर गळ्याभोवती घट्ट केला आणि म्हणाले, "प्रशिक्षकाचा हात खिशात पाहिजे." मी त्यांच्या बाजूनं. हरण्याची लाज नाही वाटली, याची वाटली.

मॅच संपल्यावरही आमचा कोपरा गातच होता. युनियनचा रिवाज आहे तो: शिट्टीआधी कुणी निघत नाही, आणि आपल्या खेळाडूंवर कुणी शिट्या मारत नाही. कोल्हापुरात हे शिकवायला कुणाला तरी न्यायला हवं. तिथे आपलाच बॅक चुकला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

परतीसाठी आजोबांच्या बसमध्ये एक जागा रिकामी होती. कुणीतरी म्युनिकलाच राहणार होतं. ताईला फोन केला. "आता रात्री? वेडी आहेस काय?" म्हणाली, आणि मग, "डब्यात चपात्या आहेत त्यांचं काय करू?"

गुरुवार, २५ जानेवारी

मध्यरात्र उलटल्यावर बस ए-९ महामार्गावर उत्तरेकडे धावत होती. न्यूरेंबर्ग गेलं, बायरॉइट गेलं. डबल सीटवर मी आणि आजोबा. बसमध्ये विषय एकच: गुंतवणूकदार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. जर्मन फुटबॉलमध्ये एक नियम आहे, पन्नास अधिक एक. संघ कंपनी म्हणून चालवला तरी मतांचा निम्म्याहून जास्त वाटा क्लबच्या सदस्यांकडे राहिला पाहिजे. लेवरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे कारखान्यांचे जुने संघ याला अपवाद, आणि रेड बुल कंपनीनं उभ्या केलेल्या लाइपझिगच्या संघानं नियम पाळून त्याचा अर्थ संपवला, म्हणून २०१४ला ते आमच्याकडे आले तेव्हा सगळं मैदान काळे रेनकोट घालून पंधरा मिनिटं गप्प उभं होतं. आता ११ डिसेंबरला लीगच्या ३६ क्लबांनी मतदान केलं. प्रक्षेपणाच्या हक्कांतून मिळणाऱ्या पैशातला ८ टक्क्यांपर्यंतचा वाटा वीस वर्षांसाठी एका बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा आणि बदल्यात सुमारे १०० कोटी युरो घ्यायचे. बाजूनं २४ मतं. दोन तृतीयांश लागत होती, म्हणजे बरोबर २४च. आणि मतदान गुप्त. हॅनोव्हरच्या प्रतिनिधीला त्याच्या क्लबनं विरोधात मत द्यायला सांगितलं होतं, त्यानं काय केलं ते तो सांगायला तयार नाही. एका मतावर सगळं उभं आणि त्याच मताबद्दल संशय!

तेव्हापासून मैदानांवर निषेध सुरू आहे. डिसेंबरात पहिली बारा मिनिटं मौन, मग चॉकलेटच्या सोनेरी नाण्यांचा पाऊस, आता टेनिसचे चेंडू. मागच्या सीटवरचा एक तरुण म्हणत होता, "पैसे आले तर बिघडलं कुठं? इंग्लंडशी स्पर्धा कशी करणार?" हा प्रश्न खोटा नाही. पण मला तालमी आठवतात. आमच्या पेठेतल्या तालमीची कमिटी कितीही भांडकुदळ असो, निवडणुकीत कितीही राजकारण होवो, कुणी आमदार किंवा बिल्डर येऊन स्पर्धेला लाखांची बक्षिसं लावो, पण तालीम कुणाची हा प्रश्न कधी पडत नाही. ती पेठेची. इथे मी युनियनची सदस्य झाले त्याचं कारण हेच होतं. या क्लबचं मैदान २००८-०९मध्ये दोन हजारांवर समर्थकांनी फुकट राबून पुन्हा बांधलं. त्याआधी २००४ला लीगचं लायसन्स जायची वेळ आली तेव्हा लोकांनी रक्तदान करून आलेले पैसे क्लबला दिले. आजोबांनी त्या बांधकामात पायऱ्यांचं काँक्रीट ओतलंय. कुठल्या पायरीचं, तेही दाखवतात. आता या माणसाला कुणी सांगायचं की आठ टक्के म्हणजे फार नाही?

पहाटे कधीतरी बस थांबली, फ्रांकनवाल्डच्या त्या हॉटेलपाशी. हे हॉटेल पुलासारखं महामार्गावरून आडवं बांधलंय, खालून गाड्या जातात. आत बंद होतं, बाहेर थर्मासमधली कॉफी. "इथून पुढे झाले नावाची नदी," आजोबा म्हणाले, "आणि नदीपलीकडे आमची हद्द. पश्चिमेतले लोक या खिडक्यांतून आमच्याकडे बघत कॉफी प्यायचे म्हणे." ते स्वतः इथे पहिल्यांदा आले सीमा उघडल्यावरच. मग त्यांनी २७ जानेवारी १९९०ची मॅच सांगितली. भिंत नोव्हेंबरात पडली आणि अडीच महिन्यांत बर्लिनचे पूर्व-पश्चिमेचे दोन क्लब, युनियन आणि हेर्था, ऑलिम्पिक स्टेडियमवर मैत्रीपूर्ण सामना खेळले. पन्नास हजारांहून जास्त लोक. हेर्था २-१ जिंकलं. "निकाल कुणी बघितला? आम्ही दोघांसाठी ओरडत होतो." आता हेर्थाचं नाव निघालं तरी ते थुंकतात. चौतीस वर्षं पुष्कळ झाली.

उजाडताना बर्लिन. झोपले.

शुक्रवार, २६ जानेवारी

दिवसभर ऑफिसचं काम आणि कानाशी गावाकडचा फोन. मनोज जरांगेंचा मोर्चा अंतरवाली सराटीतून २० तारखेला निघालेला, पुणे-लोणावळा करत आज वाशीत पोचला. माझा चुलतभाऊ त्यात आहे. पाठीमागून घोषणा, ट्रॅक्टरांचे आवाज, आणि मध्येच तो: "अगं इथं लोकांनी किती भाकऱ्या आणून दिल्यात, विचारू नको." आरक्षणाच्या प्रश्नावर त्याचं-माझं जमत नाही. कोणाच्या वाट्यातून कोणाला मिळणार हे विचारलं की तो चिडतो. पण हे खरं, की सरकारला मुंबईच्या वेशीवर धावत यावं लागलं. इकडे याच महिन्यात शेतकऱ्यांनी डिझेलच्या सवलतीसाठी हजारो ट्रॅक्टर ब्रांडेनबुर्ग दरवाजापर्यंत आणले होते. भाऊजींचं वाक्य डोक्यातून जात नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, इंजिन आहे, मैदानात टाकायला चेंडू आहे, त्याला थांबवता येतं. वॉर्डातल्या नर्सनं काय थांबवायचं?

संध्याकाळी बातमी: ब्येलित्सांवर तीन सामन्यांची बंदी. योग्यच.

शनिवार, २७ जानेवारी

आउश्विट्झ छावणी मुक्त झाली तो दिवस. जर्मन क्लब दर वर्षी या दिवसाच्या आसपासच्या सामन्यांत स्मरण करतात, 'पुन्हा कधीही नाही' या शब्दांखाली. इतर वर्षी ते थोडं सवयीनं होतं. या वर्षी नाही. फ्रायबुर्गचे प्रशिक्षक क्रिस्टियान श्ट्राइख यांनी पत्रकार परिषदेत सरळ सांगितलं, की आता गप्प बसायची वेळ नाही. फुटबॉलवाल्यांनी राजकारणात पडू नये, असं म्हणणारे तेवढ्यापुरते गप्प झाले.

जाधव-मोरे मंडळींच्या व्हॉट्सॲपवर जरांगेंना मुख्यमंत्री शिंदे सरबत पाजतानाचा फोटो पहाटेपासून फिरत होता. चुलतभाऊ परतीच्या वाटेवर, आवाज बसलेला.

रविवार, २८ जानेवारी

संप अजून चालू, पण आम्हाला काय त्याचं? मी श्योनेवाइडेत राहते, ६७ नंबरची ट्राम दारातून मैदानापर्यंत जाते आणि ट्राम शहराची. लोकल नसल्यामुळे मात्र सगळं पूर्व बर्लिन त्याच ट्राममध्ये कोंबलेलं. एका थांब्यावर चढताच येईना तेव्हा पन्नासेक जण सरळ उतरून चालायला लागले, हातात बिअर, गात गात. जंगलाच्या कडेनं वाट आहे, आल्टे फ्योर्स्टेराय म्हणजे जुन्या वनखात्याच्या घरापाशीच मैदान. २२ हजारांची जागा, त्यात १८ हजारांहून जास्त उभ्याची. स्कोअर अजून हातानं पाट्या बदलून दाखवणारा फलकही जपलाय.

आज समोर तळाला असलेलं डार्मश्टाट. आणि ब्येलित्सा बंदीत, म्हणून संघ सांभाळायला त्यांचे सहायक, दानिएल युमिच आणि मारी-लुईझ एटा. एटा नोव्हेंबरात बुंडेसलीगातली, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधली पहिली स्त्री सहायक प्रशिक्षक झाली. स्वतः खेळायची तेव्हा पोट्सडामच्या संघाकडून २०१०ची चॅम्पियन्स लीग जिंकलेली बाई. आज ती रेषेवर उभी राहून ओरडत होती, खेळाडू तिच्याकडे बघून जागा बदलत होते. कॅमेरे सगळे तिच्यावर. आमच्या पायऱ्यांवर मात्र फारसं कुणी त्यावर बोललं नाही. तिसऱ्या मिनिटाला एकानं ओरडून सांगितलं, "एटा, डावीकडे मोकळं आहे!", म्हणजे प्रत्येक प्रशिक्षकाला ओरडून सांगतात तसंच. मला लहानपणी बाबा शाहू स्टेडियमवर न्यायचे तेव्हा आजूबाजूला एखाददुसरी मुलगी असायची. बारावीनंतर "आता बरं दिसत नाही" म्हणून तेही बंद झालं. तेव्हा गप्प बसले त्याचा राग आज पायऱ्यांवर उभं राहून पुरता निघाला.

दुसऱ्या अर्ध्यात होलरबाखनं गोल केला. १-०. त्यानंतर अर्धा तास आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून नाही, घसा फोडून काढला. डार्मश्टाटला बरोबरी साधता आली असती, खोटं कशाला बोला? शिट्टी झाली तेव्हा आजोबा "आयझर्न!" (म्हणजे पोलादी) म्हणून जे ओरडले त्याला समोरच्या स्टँडनं "युनियन!" म्हणून उत्तर दिलं, असं त्यांचं म्हणणं. ते एकटेच ओरडत नव्हते, पण असू दे.

घरी येईस्तोवर बातमी: बोलणी पुन्हा सुरू होणार, संप ठरल्याआधीच पहाटे दोनला संपणार. ताईला कळवलं. तिचं उत्तर: भाऊजींनी सायकल दुरुस्तीला टाकली, आता रोज तीच काढणार म्हणतात.

शनिवार, १० फेब्रुवारी

प्रवास संपला होता, तरी हे लिहायलाच हवं. वोल्फ्सबुर्ग आलं होतं, फोक्सवागनच्या मालकीचा संघ, म्हणजे योगायोग तरी कसा! टेनिसचे चेंडू पडले. उचलून झाले, पुन्हा पडले. खेळ एकूण अर्ध्या तासाच्या आसपास बंद. मॅच सोडून द्यावी लागते की काय, अशी वेळ आली. सोडली असती तर गुण आमचेच गेले असते, आणि आम्हाला तळापासून वर यायला एकेक गुण हवा होता. माझ्या शेजारच्या पायरीवर दोन भावांत जुंपली. एक म्हणाला पुरे झालं, दुसरा म्हणाला आत्ता कुठे त्यांना ऐकू यायला लागलंय. मी दुसऱ्याच्या बाजूची होते, पण पोटात गोळा आला होता हेही खरं. शेवटी खेळ झाला, डूखीच्या गोलवर १-० जिंकलो.

२१ फेब्रुवारीला लीगनं गुंतवणूकदाराचा व्यवहार सोडून दिला. त्या संध्याकाळी आजोबांच्या दारावर टकटक केली, तर ते आधीच जिन्यात उभे, हातात दोन ग्लास. "आता मार्चमध्ये पुन्हा गाड्या बंद पडल्या तर?" मी विचारलं. "तर बस," म्हणाले. "आणि या वेळी तुझ्या बहिणीला चपात्या जास्त करायला सांग."